माळ्यावरचा रेडिओ आणि त्यातला फिल्टर कंडेन्सर
(शिरूर-दौंड परिसरातल्या जुन्या रेडिओंच्या दुरुस्तीविषयी : प्रस्तावना)

दौंड म्हटलं की जंक्शन आठवतं. मनमाडकडे फुटणारा फाटा, बारामतीची जुनी अरुंद लाइन, मध्यरात्री बदलायच्या गाड्या. पण याच दौंडला १९२७ साली समुद्रापलीकडून येणारे बिनतारी संदेश झेलणारं केंद्र सुरू झालं होतं, हे आज दौंडमध्येही थोड्यांनाच ठाऊक असतं. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना इंग्लंडशी जोडणारी मार्कोनी पद्धतीची ‘बीम वायरलेस’ योजना त्या वर्षी हिंदुस्थानात आली. संदेश पाठवण्याचं केंद्र खडकीला होतं आणि घेण्याचं दौंडला. खडकीहून सुटलेला संदेश इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर स्केग्नेसजवळ पकडला जाई, ग्रिम्स्बीजवळून सुटलेला दौंडला. दोन केंद्रांत पाऊणशे किलोमीटरचं अंतर होतं, कारण पाठवणाऱ्या यंत्राच्या प्रचंड लहरींत दुरून आलेला क्षीण संदेश बुडून जातो.

त्याच वर्षी, २३ जुलैला, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. सरकारी आणि व्यापारी तारा एका वाटेने आल्या, गाणं आणि बातम्या दुसऱ्या. आपल्या भागाचा स्वतःचा आवाज मात्र आला २ ऑक्टोबर १९५३ रोजी, पुणे आकाशवाणीबरोबर. शिरूर आणि दौंड हे तालुके या केंद्राच्या अगदी हाकेच्या टापूत. दीड वर्षाने, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून ‘गीतरामायण’ सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं. त्या वेळी लोक रेडिओला हार घालत, समोर उदबत्ती लावत. ती मालिका संपत आली असतानाच, फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ मध्ये, याच केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला. पुण्याभोवतीच्या पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावं त्यासाठी निवडली होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. गावकरी एकत्र बसून ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली, आणि नंतर तो प्रयोग परदेशांतही अभ्यासला गेला.

हे सगळं ज्या यंत्रांतून ऐकलं गेलं, ती यंत्रं अजून घरांत आहेत. या पुस्तकाला कारण तेच. कुणाच्या पोटमाळ्यावर, कुणाच्या कांद्याच्या वखारीला लागलेल्या खोलीत, कुणाच्या फडताळावर क्रोशाच्या रुमालाखाली. आजोबा गेले, वाडा पाडायचा ठरला, सामान खाली उतरलं आणि रेडिओ हाती आला. पुसून झाला, बटणं फिरवून झाली, आणि मग घरातला एखादा जण म्हणतो, लावून तर बघू. इथेच थांबायला हवं. जुन्या रेडिओचं सर्वांत मोठं नुकसान माळ्यावरच्या चाळीस वर्षांपेक्षा खाली आल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत होतं, आणि ते ज्या भागामुळे होतं तो भाग बाजारात थोड्या रुपयांत मिळतो. तो भाग म्हणजे पॉवर सप्लायचा फिल्टर कंडेन्सर. त्याच्यापायी जो ट्रान्सफॉर्मर जळतो, तो कुठल्याच दुकानात मिळत नाही.

या पट्ट्यात सापडणारे सेट एका जातीचे नाहीत. गावात वीज कधी आली आणि घरात पगार कुठून येई, यावर सेटची जात ठरली. रेल्वेच्या क्वार्टरांमधून आणि शिरूर-घोडनदीच्या बाजारपेठेतल्या घरांतून निघणारा सेट बहुधा विजेवरचा, व्हॉल्व्हचा असतो : ठाण्याचा मर्फी, मुंबईचा नॅशनल एको, फिलिप्स, बुश, एचएमव्ही. (फिलिप्सचा एक कारखाना पुढे पुणे–सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरलाही होता. दौंडची मंडळी पुण्याला जाता-येता त्याच्यावरूनच जात.) खेड्यांतून निघणारा जुना सेट ड्राय बॅटरीवरचा असतो. त्यात ९० व्होल्टची एक मोठी बॅटरी आणि व्हॉल्व्ह तापवायला दीड व्होल्टची दुसरी, आणि डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६ हे चार बारीक व्हॉल्व्ह. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झालं आणि त्यानंतर वीज गावोगाव पोचत गेली. पण अनेक वाड्यावस्त्यांवर विजेच्या खांबाआधी ट्रान्झिस्टर पोचला होता. म्हणून शिरूरच्या खेड्यातल्या घरात आजीचा पहिला रेडिओ चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर असतो, आणि दौंडच्या रेल्वे कुटुंबात तो लाकडी पेटीतला, हिरव्या मॅजिक आयचा.

या तिन्ही जातींत कंडेन्सर असतो. तो म्हातारा झाला की प्रत्येकीचं दुखणं मात्र निराळं दिसतं.

विजेवरच्या सेटापासून सुरुवात करू, कारण धोका तिथेच आहे. घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करत दिशा बदलत असते. व्हॉल्व्हच्या प्लेटला हवा असतो एकाच दिशेचा, अडीचशे-तीनशे व्होल्टचा, संथ दाब. रेक्टिफायर व्हॉल्व्ह (फिलिप्स पद्धतीच्या सेटात ईझेड ८०, जुन्या अमेरिकन पद्धतीच्या सेटात ५ वाय ३) विजेला एका दिशेला वळवतो, पण त्यातून बाहेर पडणारा प्रवाह सलग नसतो. सेकंदाला शंभर उसळ्या येतात. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटातला यूवाय ८५ अर्धीच लहर वापरतो, तिथे उसळ्या पन्नास. एरियलवरून येणारा संदेश व्होल्टच्या लाखाव्या-दहा लाखाव्या भागात मोजायचा, आणि तो हजारो पटींनी वाढवायचा. दाबात उरलेली प्रत्येक उसळी त्या वाढवण्यात मिसळते आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो. त्यालाच मेकॅनिक मंडळी हम म्हणतात.

उसळ्या सपाट करायचं काम दोन कंडेन्सर मिळून करतात. पहिला रेक्टिफायरला लागून असतो. उसळी आली की भरतो, ओसरली की साठवलेलं देतो. त्याच्या पुढे चोक किंवा मोठा रेझिस्टन्स. १९३०-४० च्या काही सेटांत चोकच्या जागी स्पीकरची फील्ड कॉइलच वापरलेली असते. तिच्या पलीकडे दुसरा कंडेन्सर, उरलीसुरली खळबळ गिळायला. बहुतेक सेटांत हे दोघे एकाच अॅल्युमिनियमच्या उभ्या डब्यात राहतात. डब्यावर ३२+३२ किंवा ५०+५० मायक्रोफॅराड, ३५० व्होल्ट, असं छापलेलं असतं, आणि तळाच्या चकतीवर त्रिकोण, चौकोन, अर्धचंद्र अशा खुणा कोरलेल्या असतात. कुठला पाय कुठल्या भागाचा, हे त्या खुणा सांगतात. पाय सुटे करण्याआधी त्या कागदावर उतरवून घ्याव्यात.

आता त्या डब्याच्या आत काय आहे ते नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरून सुचतं. आत अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये रसायनात भिजवलेला कागद, अशी गुंडाळी असते. विजेला अडवतो तो कागद नव्हे. एका पट्टीच्या अंगावर ऑक्साइडचा एक थर असतो, एक मायक्रोमीटरही जाड नसलेला, आणि तीन-चारशे व्होल्टचा दाब तो एकटा तोलतो. थर इतका पातळ म्हणूनच एवढ्याशा डब्यात पन्नास मायक्रोफॅराड मावतात. हा थर कारखान्यात विजेनेच चढवलेला असतो. सेट रोज चालतो तोवर त्यात पडलेली बारीक छिद्रं भोवतीचं ओलं रसायन आणि विजेचा दाब मिळून बुजवत राहतात. सेट बंद पडून राहिला की ही डागडुजी थांबते आणि तेच रसायन थराला हळूहळू खाऊ लागतं.

म्हणजे वापरला नाही म्हणून रेडिओ चांगला राहिला असेल, हा हिशेब इथे उलटा आहे. ज्या घरात १९८५ पर्यंत रोज सकाळी प्रादेशिक बातम्या लागत होत्या, त्या घरातल्या कंडेन्सरने तोपर्यंत बरी सोबत केली असेल. नंतरची न वापरलेली वर्षं त्याला भोवली. त्यात आपली हवा. शिरूर आणि दौंड दोन्ही पर्जन्यछायेतले, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. डब्याच्या तोंडाशी असलेलं रबर उन्हाळ्यामागून उन्हाळे सोसून कडक होतं, चिरतं, आणि आतला ओलावा उडून जातो. ओलावा गेला की साठवण घटते आणि आतला रोध वाढतो, मग हम येतो. थर झिजला की वीज पाझरते. हम कानाला कळतो, पण पाझर कळत नाही. घातक असतो तो पाझरच.

असा सेट एकदम २३० व्होल्टला लावला तर काय होतं ते क्रमाने सांगतो. रेक्टिफायर तापतो, दाब चढतो, आणि झिजलेल्या थरातून प्रवाह गळू लागतो. ईझेड ८० ची क्षमताच ९० मिलिअँपिअरची. त्यातले बरेचसे सेटच्या रोजच्या कामाला लागतात. गळती वाढली की रेक्टिफायरची प्लेट लालसर होते, डबा हाताला चटका बसण्याइतका तापतो, आत वाफ धरते. कधी डबा फुटतो आणि चिकट, क्षारासारखा राडा चॅसीभर उडतो. फुटला नाही तर जास्त वाईट, कारण मग ट्रान्सफॉर्मर तो भार मुकाट्याने सोसत राहतो, वेष्टनाचं मेण वितळतं, आणि घरात जळका वास येईपर्यंत आतल्या वेढ्यांचं एनॅमल गेलेलं असतं. जुन्या सेटात फ्यूज असेलच असं नाही, आणि असला तरी मागच्या पिढीतल्या एखाद्याने त्यावर तार गुंडाळलेली असते.

म्हणून या पुस्तकाचं म्हणणं एकच आहे आणि ते इथेच स्पष्ट सांगतो : कंडेन्सर तपासल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय सेट विजेला लावू नये. चालतो का ते बघून मग ठरवू, हा विचार इथे कामाचा नाही.

बदलणं ही जुन्या वस्तूची विटंबना आहे, असं काही संग्राहक मानतात. त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे, पण हे मत पटत नाही. पेटी, तबकडी, स्पीकर, कॉइली, व्हॉल्व्ह हा त्या रेडिओचा देह आहे आणि तो जपलाच पाहिजे. फिल्टर कंडेन्सर मात्र बनवणाऱ्यांनीच झिजणारा भाग म्हणून बसवला होता. त्या काळातही मेकॅनिक तो बदलत असत. जुन्या थराला पुन्हा उभं करायची रीतही आहे : वेगळ्या डीसी सप्लायवरून, मोठ्या रेझिस्टन्समधून, तासन् तास थोडा थोडा दाब चढवत न्यायचा आणि गळती उतरते का ते मोजत राहायचं. ती शिकून घ्यावी, कारण तिच्यातून हा भाग जितका समजतो तितका वाचून समजत नाही. पण अशा रीतीने सावरलेला कंडेन्सर काचेच्या कपाटात ठेवायच्या सेटला ठीक. आई-वडिलांनी रोज संध्याकाळी लावायच्या सेटात नवाच घालावा, असं माझं मत आहे. डब्याचं रूप टिकवायचं असेल तर जुना डबा चॅसीवर तसाच उभा ठेवून त्याच्या सगळ्या तारा सोडवाव्यात आणि नवे कंडेन्सर खाली बसवावेत; किंवा डबा कापून, पोकळ करून, त्याच्याच पोटात नवे घालावेत. पन्नास वर्षांत हे कंडेन्सर इतके लहान झाले आहेत की दोन्ही आत सहज मावतात.

ते इतक्या सहज मिळतात कसे, याचं मला सुरुवातीला नवल वाटे. आपल्याकडे व्हॉल्व्ह बनणं बंद होऊन किती वर्षं झाली, आणि व्हॉल्व्हच्या दाबाचा कंडेन्सर मात्र पुण्यात तपकीर गल्लीत उभ्या उभ्या मिळतो. कारण आजच्या उपकरणांत आहे. टीव्ही, चार्जर, एलईडीचा दिवा ही सगळी २३० व्होल्टची वीज आधी सरळ डीसी करून घेतात. तिचं शिखर येतं ३२५ व्होल्टच्या आसपास, म्हणून त्यांना ४०० किंवा ४५० व्होल्टचा कंडेन्सर लागतो. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत बनणाऱ्या नव्या उपकरणाच्या पोटात जो भाग आहे, तोच थोड्या फरकाने घोडनदीतल्या पंचावन्न सालच्या मर्फीला चालतो. आणि घरातला एलईडी दिवा वर्षभरात लुकलुकू लागतो तेव्हा बऱ्याचदा त्यातही हाच भाग उष्णतेने वाळलेला असतो.

खरेदी करताना किंमत छापलेली पाहण्याआधी तीन आकडे पाहावेत. मायक्रोफॅराड : जुन्या ५० ला आजचा ४७, ३२ ला ३३, २० ला २२ बिनधास्त चालतो, कारण जुन्या मालातच इतका फरक धरलेला असे. व्होल्ट : ३५० च्या जागी ४५० घ्यावा. हिशेब करून पाहा. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेढ्याचे २५० व्होल्ट असतील तर शिखर येतं ३५३. सेटची खाच २२० वर असेल आणि भिंतीत २४० येत असतील, तर तेच ३८५ च्या पुढे जातं. ५ वाय ३ सारखा रेक्टिफायर लगेच तापतो, बाकीचे व्हॉल्व्ह मागाहून. तेवढा वेळ भार नसतो आणि हा सगळा दाब कंडेन्सरवर येतो. आपल्याकडे शेतीपंप बंद झाल्यावर रात्री दाब कुठवर चढतो, ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. तिसरा आकडा तापमानाचा : ८५ अंशांचा न घेता १०५ अंशांचा घ्यावा. या भागाचं आयुष्य दर दहा अंशांनी साधारण दुप्पट-निमपट होतं. १०५ अंशांना २,००० तासांची हमी असलेला कंडेन्सर ६५ अंशांत ठेवला तर ३२,००० तासांच्या घरात जातो. रोज चार तास ऐकलं तर वीस वर्षांहून जास्त. तेव्हा तो आउटपुट व्हॉल्व्हच्या कुशीत बसवू नये; ईएल ८४ ची काच फार तापते.

चांगल्या-चांगल्या हातांकडून होणाऱ्या काही चुका इथेच सांगतो, कारण त्या दिसायला दुरुस्तीसारख्याच दिसतात. पहिली, जुना कंडेन्सर न सोडवता त्याच्याच पायांवर नवा जोडणं. हम लगेच जातो, गिऱ्हाईक खूश होतं; पण जुन्याची गळती तशीच चालू राहते आणि ट्रान्सफॉर्मर जळायचा तो जळतोच. हम थांबल्याने उलट इशारा देणारी खूणच नाहीशी झालेली असते. दुसरी, पन्नासच्या जागी २२० घालणं, मोठा म्हणजे चांगला या समजुतीने. पहिल्या कंडेन्सरला रेक्टिफायर व्हॉल्व्हने एका झटक्यात भरायचं असतं. ईझेड ८० ला त्याच्या निर्मात्याने ५० मायक्रोफॅराडची मर्यादा घालून दिली आहे. ती ओलांडली की कॅथोडवरचा लेप उडतो. तिसरी, रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून तिथे दोन १ एन ४००७ डायोड लावणं. डायोड व्हॉल्व्हसारखा आपल्यात दाब गिळत नाही, तापायला वेळ घेत नाही. सगळा सेट अचानक जास्त दाबाखाली येतो. व्हॉल्व्ह खरोखर मिळतच नसेल तर डायोड लावावा, पण सोबत मोजून-मापून रेझिस्टन्स घालून.

एक चूक बारीक आहे, म्हणून वेगळी सांगतो. काही सेटांत डब्याखाली फायबरचा वॉशर असतो, म्हणजे डबा चॅसीला टेकलेला नसतो. तिथे पहिल्या कंडेन्सरचा निगेटिव्ह आणि चॅसी यांच्यामध्ये एक लहान रेझिस्टन्स असतो आणि त्यावरच्या दाबाने आउटपुट व्हॉल्व्हला बायस मिळतो. नव्याचा निगेटिव्ह सवयीने सरळ चॅसीला लावला तर भरण्याच्या उसळ्या त्या रेझिस्टन्समधून वाहू लागतात, आणि सगळा माल नवा घालूनही हम जशाचा तसा. मेकॅनिक मग ट्रान्सफॉर्मरवर संशय घेतो. जुनी तार जिथून निघाली तिथेच नवी लावावी, हा नियम अशा वेळी सगळ्या हुशारीपेक्षा उपयोगी पडतो.

हम असला म्हणजे फिल्टरच गेला, असंही नाही. आवाजाचं बटण पूर्ण मिटवल्यावरही हम तितकाच राहिला तर फिल्टरकडे बोट दाखवावं. बटणाबरोबर तो कमी-जास्त होत असेल तर दोष आधीच्या पायरीत. आणि आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा मेणाच्या कागदाचा कपलिंग कंडेन्सर गळका असेल तर ईएल ८४ लाल होतो, जास्त प्रवाह ओढतो आणि नव्या फिल्टरलाही दमवतो. फिल्टर बदलण्याच्या बैठकीतच तो एकही बदलून टाकावा. बाकीचे मोजून, गरजेप्रमाणे. सगळे कंडेन्सर सरसकट उपटण्याच्या मी विरोधात आहे. सूर जुळवलेल्या सर्किटातले मायकाचे कंडेन्सर बहुधा आजही ठणठणीत असतात, आणि त्यांना हात लावला की स्टेशनं तबकडीवरच्या आपल्या जागा सोडतात.

जिवाच्या धोक्याबद्दल आडपडदा ठेवणार नाही. प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्ट या डब्यात राहू शकतात, आणि त्यांचा झटका माणसाचा जीव घेऊ शकतो. प्लग काढून, दोन-तीन हजार ओहमच्या, चांगल्या वॅटच्या रेझिस्टन्सने दोन्ही भाग रिकामे करावेत, आणि मीटरने शून्य दिसल्यावरच हात घालावा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करायची सवय सोडावी. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटात चॅसी सरळ भिंतीतल्या विजेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की पूर्ण २३० व्होल्ट चॅसीवर, आणि गळून पडलेल्या बटणाच्या उघड्या दांड्यावरही. असा सेट उघड्या पाठीने मुलांच्या हाताशी ठेवू नये. ट्रान्सफॉर्मरच्या सेटात वेगळी फसगत आहे : घरातला गळती ओळखणारा स्विच ट्रान्सफॉर्मरपलीकडच्या दाबावर बसलेला झटका ओळखतच नाही. तो आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. एकट्याने काम करू नये.

आता दुसऱ्या दोन जातींकडे. बॅटरी सेटात रेक्टिफायर नाही, म्हणून हमही नाही; पण ९० व्होल्टच्या बॅटरीला आडवा एक कंडेन्सर असतो आणि तो गळका झाला तर बॅटरी सेट बंद असतानाही उतरते की चालू केल्यावरच, हे स्विच कुठे आहे त्यावर ठरतं. ट्रान्झिस्टरमध्ये शंभर मायक्रोफॅराडच्या आसपासचे, दहा-पंधरा व्होल्टचे छोटे कंडेन्सर असतात. ते वाळले की सेल थोडे उतरताच स्पीकर फट-फट-फट करू लागतो किंवा शीळ घालतो. लोक सेल बदलत राहतात; बदलायचा असतो कंडेन्सर. इथे झटक्याची भीती नाही, सर्किट लहान आहे, चुकलं तर नुकसान थोडं. म्हणून पुढच्या प्रकरणांचा क्रम मुद्दाम तसा लावला आहे : आधी शिरूरच्या खेड्यातला ट्रान्झिस्टर, मग बॅटरी सेट, आणि हात बसल्यावर दौंडच्या क्वार्टरातला विजेवरचा सेट.

असं हाताने शिकण्याची परंपरा शिरूर तालुक्याला नवी नाही. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो काम करता करता शिकण्याच्या विचारावरच. ज्या मुलाने स्वतः कंडेन्सर बदलून फट-फट थांबवली, त्याला साठवण, रोध, आवर्तन हे शब्द पुन्हा समजावावे लागत नाहीत. जुन्या रेडिओंचे मेकॅनिक मात्र झपाट्याने कमी होत आहेत. त्यांच्या हातातलं शहाणपण, उदाहरणार्थ जुन्या टाक्यावर आधी नवं शिसं पाजून मग दोन्ही एकदम उचलण्याची युक्ती, ते असतानाच लिहून घेतलं पाहिजे.

दुरुस्त करून ऐकायचं काय, असं तरुण मंडळी विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. शॉर्ट वेव्ह ओसाड होत आली. बीबीसीची हिंदी सेवासुद्धा ३१ जानेवारी २०२० ला शॉर्ट वेव्हवरून उतरली. मीडियम वेव्हवर एलईडी दिव्यांची आणि चार्जरची खरखर चढते. तरी रात्री, घरातले चार्जर काढून, जाळीदार पट्टीची एरियल खोलीभर ताणून आणि अर्थिंग नीट देऊन बसलं तर दूरची केंद्रं अजूनही येतात. शिवाय बऱ्याच सेटांच्या पाठीमागे ग्रामोफोनच्या पिकअपसाठी दोन भोकं असतात. ट्रान्सफॉर्मरच्या सेटात तिथून मोबाइलचं गाणं देता येतं, आणि ईएल ८४ मधून, लाकडी पेटीतल्या मोठ्या स्पीकरवर ते ऐकलं की जुनी माणसं रेडिओच्या आवाजाविषयी एवढं का बोलतात ते कळतं. एसी-डीसी सेटाला हे कधीही करू नये. मोबाइल आणि तो धरणारा हात दोन्ही विजेच्या वाटेत येतात.

शेवटी पहिल्यांदा चालू करण्याविषयी. नवे कंडेन्सर बसले, प्लस-मायनस दोनदा तपासले, की सेट थेट भिंतीला न लावता सिरीज बोर्डावर लावावा. बोर्डात तारेचा ६० किंवा १०० वॅटचा जुना बल्ब हवा. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लखलखीत पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करावं. मंद झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून दोन्ही कंडेन्सरवरचे दाब मोजावेत, हात न लावता डब्याच्या जवळ उष्णता जाणवते का ते पाहावं, आणि मग बल्ब काढून पूर्ण दाब द्यावा. पूर्ण दाबावर पुन्हा मोजलेले आकडे, घातलेल्या कंडेन्सरची मापं आणि महिना-वर्ष एका चिठ्ठीवर लिहून ती पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवावी. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी जो कुणी ही पाठ उघडेल, त्याला मोजणी तिथून सुरू करता येईल.